जुन्या इमारतीतले परवडणारे स्टुडिओ: भिंत, भाडे आणि कराराची मुदत

मुंबईत चित्रकार, शिल्पकार, छापाचित्रे काढणारे, वाद्ये दुरुस्त करणारे, नाटकाच्या तालमी घेणारे, माहितीपटांचे संकलन करणारे असे असंख्य लोक राहत्या घराच्या एका कोपऱ्यात आपले काम रेटत असतात, कारण कामासाठी वेगळी जागा बाजारभावाने घेणे त्यांच्या मिळकतीत बसत नाही. त्याच शहरात फोर्टपासून माझगावपर्यंत अशा कितीतरी जुन्या इमारती उभ्या आहेत, ज्यांचे वरचे मजले वर्षानुवर्षे कुलूपबंद आहेत, ज्यांच्या गोदामांत माल येणे थांबले आहे किंवा ज्या शाळांचे वर्ग पटसंख्या घटल्यामुळे रिकामे पडले आहेत. या जागा दुरुस्त करून कलावंतांना आणि छोट्या कारागिरांना परवडेल अशा भाड्याने द्याव्यात, ही सूचना अधूनमधून नव्याने मांडली जाते आणि बहुतेक वेळा कागदावरच राहते. ती प्रत्यक्षात उतरवायची तर कोणकोणत्या गोष्टी जुळून याव्या लागतात, हे या लेखात उलगडून सांगण्याचा प्रयत्न आहे. माझे मत सुरुवातीलाच मांडून ठेवणे बरे: अशा प्रकल्पाचे भवितव्य वास्तुरचनाकाराच्या नकाशावर जितके अवलंबून असते, त्याहून कितीतरी अधिक ते जागेचा करार किती वर्षांचा आहे आणि पहिल्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च कोण उचलतो, या दोन गोष्टींवर ठरते.

मुंबईला ही कल्पना अपरिचित नाही. १९७४ मध्ये दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने प्रयोग सुरू केले. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांच्या या संस्थेला तेथे मोठ्या नाट्यगृहाची यंत्रणा मिळाली नव्हती. मिळाली होती ती संध्याकाळी मोकळी असणारी जागा आणि प्रायोगिक नाटकाला झेपेल इतके भाडे. तेवढ्या आधारावर सत्यदेव दुबे, अमोल पालेकर अशा अनेकांचे काम तेथे उभे राहिले, आणि ती चळवळ आजही त्या शाळेच्याच नावाने ओळखली जाते. त्याच्याही आधी, १९५० आणि १९६० च्या दशकांत, वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई यांच्या बंगल्यात चाललेल्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये नाममात्र भाड्यात स्टुडिओ मिळत असत. हुसेन, गायतोंडे, नसरीन मोहमदी या चित्रकारांनी तेथे काम केले, इब्राहिम अल्काझींचे नाट्यकाम तेथे चालले, रविशंकरांची ‘किन्नरा’ ही संगीतसंस्थाही तेथेच होती. एका खोलीतला चित्रकार तालमीतून येणारे संवाद आणि सतारीचे सूर ऐकत काम करतो, असे वातावरण योजना आखून निर्माण करता येत नाही. पण त्यासाठी लागणारी स्वस्त आणि शेजारशेजारची जागा मात्र योजनेने निर्माण करता येते.

या दोन्ही ठिकाणांचा शेवट समजून घेण्यासारखा आहे. भुलाभाईंचा बंगला पुढे पाडला गेला आणि तेथे उंच इमारत उभी राहिली. ‘आविष्कार’ला छबिलदास सोडून माहीमच्या महापालिका शाळेत जावे लागले. दोन्ही जागा कोणाच्या तरी सहृदयतेवर मिळाल्या होत्या, दीर्घ मुदतीच्या हक्कावर मिळाल्या नव्हत्या.

कोणती इमारत या कामाला येते

जुनी इमारत म्हटली की मुंबईकराला पहिल्यांदा गिरणी आठवते. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला आणि पुढच्या शंभर वर्षांत गिरणगाव उभे राहिले. गिरणीची शेड स्टुडिओसाठी जवळजवळ आदर्श असते, आणि त्याचे कारण तिच्या छपरात आहे. करवतीच्या दात्यांसारख्या दिसणाऱ्या या छपराची काचेची बाजू उत्तरेकडे असते. आपल्या अक्षांशावर वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, तर दिवसभर जवळपास एकसारखा, सावल्या न पाडणारा उजेड येतो. सुताचा धागा तुटलेला दिसावा म्हणून केलेली ही सोय रंगांच्या छटा पाहणाऱ्या चित्रकाराला तितकीच उपयोगाची असते. शिवाय ओतीव लोखंडाच्या खांबांमधले मोकळे अंतर आणि यंत्रांचा भार पेलण्यासाठी केलेली जमीन, हे सगळे आयतेच मिळते.

मात्र १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर गिरणीच्या जमिनीचा इतिहास वेगळ्याच दिशेने गेला. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी पूर्ण जमिनीऐवजी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. सार्वजनिक वापराला येणारी जमीन त्यामुळे फारच आक्रसली. ज्या कंपाउंडांमध्ये जुन्या शेड टिकल्या, तेथेही कार्यालये आणि उपाहारगृहे आली, आणि त्यांच्या भाड्याशी कलावंताची स्पर्धा होऊ शकत नाही. महालक्ष्मीच्या लक्ष्मी मिल इस्टेटमध्ये ‘जी फाइव्ह ए’ने जुन्या गोदामाचे सांस्कृतिक केंद्र केले आहे, पण असे अपवाद मोजकेच आहेत. गिरण्यांची संधी मुंबईने मोठ्या प्रमाणात गमावली, हे मान्य करून आता इतर इमारतींकडे पाहिले पाहिजे, असे मला वाटते.

फोर्टमधल्या जुन्या कार्यालयीन इमारती हा दुसरा वर्ग. काळा घोड्याजवळचे एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, हे त्याचे बोलके उदाहरण आहे. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून १८६० च्या दशकात येथे उभारलेली ही इमारत. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती येथेच दाखवल्या गेल्या. पुढे तिच्या खोल्यांचे छोटे छोटे गाळे पडले आणि न्यायालय जवळ असल्याने वकिलांची, लहान व्यावसायिकांची कार्यालये अगदी थोड्या भाड्यात तेथे चालू राहिली. म्हणजे छोट्या व्यवसायांना परवडणारी जागा तेथे खरोखर होती. पण ज्या भाड्यात ती परवडत होती, त्या भाड्यात इमारतीची निगा राखली जाऊ शकत नव्हती. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. स्वस्त भाडे आणि इमारतीची देखभाल यांचा मेळ कोणी बसवला नाही, तर स्वस्त जागाच शेवटी नाहीशी होते.

तिसरा वर्ग उपकरप्राप्त इमारतींचा, आणि येथे फार जपून पाऊल टाकावे लागते. शहर भागातल्या, ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या ज्या भाड्याच्या इमारतींकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो, त्या उपकरप्राप्त. त्यांची दुरुस्ती म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, त्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडणे परवडेना. या कोंडीतून पागडीची पद्धत फोफावली. पागडी म्हणजे भाडेकरूने सुरुवातीला मोठी रक्कम देऊन जवळजवळ कायमचा ताबा मिळवायचा, दरमहा किरकोळ भाडे द्यायचे आणि पुढे जागा दुसऱ्याला देताना आलेल्या रकमेतला काही हिस्सा मालकाला द्यायचा. २००० साली अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने या व्यवहाराला कायदेशीर मान्यता दिली. म्हणून अशा इमारतीत एखादी खोली बंद दिसली तरी ती मोकळी आहे असे समजू नये. तिच्यावर कोणाचा तरी हक्क असतो, आणि बऱ्याचदा त्या कुटुंबाची तीच एकमेव मिळकत असते. कलावंतांच्या नावाने जुन्या भाडेकरूंना बाहेर काढणारा कोणताही प्रकल्प मला समर्थनीय वाटत नाही. गिरगावातल्या किंवा लालबागच्या चाळीत तळमजल्यावर पुस्तकबांधणी करणारा, शिक्के कोरणारा, हार्मोनियम जुळवणारा जो माणूस वडिलांच्या काळापासून बसलेला असतो, तोच त्या इमारतीतला पहिला सर्जनशील व्यावसायिक आहे, आणि नव्या योजनेत पहिली जागा त्याची असली पाहिजे.

उरतो चौथा वर्ग: महापालिकेच्या रिकाम्या शाळा, सार्वजनिक न्यासांच्या इमारती, पूर्व किनाऱ्यावरची बंदराची गोदामे. सुरुवात करायची तर ती येथूनच करावी. त्याचे कायदेशीर कारण पुढे येईल.

भिंतीच्या आत काय असते

सिमेंट-काँक्रीटच्या आधीच्या मुंबईच्या इमारतींत जाड विटांच्या किंवा दगडी भिंती भार पेलतात आणि त्यांच्यावर सागवानी तुळया व कड्या टेकलेल्या असतात. अशा मजल्यावर उभे राहिल्यावर तुळई मध्यभागी भक्कम दिसते, आणि बहुतेकदा ती तेथे भक्कम असतेही. दुखणे असते ते तिच्या टोकाला, जेथे ती भिंतीत शिरते. बाहेरचा पावसाळी पाइप फुटलेला असतो, भिंतीच्या सांध्यात पिंपळ रुजलेला असतो, आणि दर पावसाळ्यात भिंत पाणी पिऊन तुळईचे टोक ओले ठेवते. जाणकार अभियंता म्हणूनच छताच्या मध्यापेक्षा भिंतीलगत जास्त वेळ घालवतो: हातोडीने टोकाजवळ ठोकून आवाज ऐकतो, स्क्रूड्रायव्हर दाबून पाहतो. निरोगी सागावर पाते घसरते. कुजलेल्या टोकात ते बोटभर आत जाते. यावर संपूर्ण मजला पाडण्याची गरज नसते. खालून टेकू देऊन कुजलेला भाग कापतात, त्या जागी नवे लाकूड सांधतात किंवा दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल लावून बोल्टांनी आवळतात. मात्र पाणी येण्याचे मूळ कारण आधी दूर केले नाही, तर हा खर्च काही वर्षांत पुन्हा करावा लागतो.

तितकीच महत्त्वाची गोष्ट गिलाव्याची. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात आणि चुन्याचा गिलावा भिंतीतला ओलावा बाहेर पडू देतो. दुरुस्तीच्या घाईत त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर तेलकट रंग चढवला की ओल आतच कोंडते, क्षार बाहेर येतात, पोपडे सुटतात आणि आतली वीट भुसभुशीत होते. भिंत सुंदर दिसते आणि आतून खचत जाते. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता कमी उरले आहेत, त्यांची मजुरी जास्त पडते आणि कामाला वेळ लागतो. तरीही या बाबतीत काटकसर करू नये.

यानंतर भाराचा प्रश्न. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीच्या मजल्यावर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चालता-बदलता भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचा भार, धरतात, तर हलकी यंत्रे असलेल्या कामाच्या जागेसाठी तोच आकडा सुमारे ५०० किलो होतो. एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राचा, छापा काढणारा प्रेस काही शे किलोंचा असतो, ओल्या मातीच्या गोण्या आणि दगडाचे ठोकळे त्याहून जड. म्हणून वाटप करताना शिल्पकार, कुंभारकाम करणारे आणि छापखाना तळमजल्यावर, तर चित्रकार, संकलक, लेखक आणि शिवणकाम वरच्या मजल्यांवर, असा साधा नियम पाळला तरी मजबुतीकरणाचा बराच खर्च वाचतो. नृत्याच्या तालमींचा वेगळा विचार करावा लागतो, कारण तालात पडणाऱ्या पावलांनी लाकडी मजला हेलकावतो आणि खालच्या खोलीतल्या माणसाला काम करणे अशक्य होते.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणे महापालिका कायद्याने बंधनकारक आहे. तपासणीनंतर इमारतीला प्रवर्ग मिळतो. सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ ए म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी दुरुस्ती, सी-२ बी म्हणजे इमारत रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. स्टुडिओंसाठी जागा शोधणाऱ्या गटाने भाड्याची बोलणी करण्याआधी हा अहवाल मागावा. सी-२ बी आणि सी-३ मध्ये आशा असते. सी-२ ए मध्ये पैसा लागतो. सी-१ च्या बाबतीत भावनेला जागा नाही.

परवानग्या आणि आग

इमारतीचा मंजूर वापर निवासी किंवा शैक्षणिक असेल आणि तेथे स्टुडिओ चालवायचे असतील, तर महापालिकेकडून वापरबदलाची परवानगी घ्यावी लागते. इमारत वारसा यादीत असेल तर मुंबई वारसा संवर्धन समितीचा अभिप्रायही लागतो. १९९५ च्या वारसा नियमांपासून येथे तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत आत-बाहेर जवळजवळ काहीच बदलता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत काटेकोर छाननीनंतर आतले बदल आणि नवा वापर सहसा चालतो, तिसरीत आणखी मोकळीक असते. वारसा यादीतले नाव म्हणजे अडचणच, असा समज आहे तो पूर्ण खरा नाही. वारसा नियमांमुळे ज्या मालकाला वाढीव बांधकामाचा हक्क वापरता येत नाही, त्याला तो हस्तांतरणीय विकास हक्काच्या, म्हणजे टीडीआरच्या रूपाने दुसरीकडे विकता येऊ शकतो, आणि त्या पैशातून दुरुस्ती होऊ शकते.

आगीच्या बाबतीत मात्र कोणतीही तडजोड मान्य करू नये. २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल कंपाउंडमधल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला; जुन्या औद्योगिक जागेचा वापर बदलताना बाहेर पडण्याच्या वाटांचा विचार झाला नाही तर काय होते, हे त्या रात्री शहराने पाहिले. स्टुडिओंमध्ये टर्पेंटाइन, थिनर, रेझिन, लाकडाचा भुसा, कापडाचे ढीग असे पटकन पेटणारे सामान असते आणि लोक रात्री उशिरापर्यंत थांबतात. जुन्या इमारतीत बहुधा एकच लाकडी जिना असतो. तेव्हा दुसऱ्या, शक्यतो बाहेरून बसवलेल्या लोखंडी जिन्याची तरतूद, नवे वायरिंग, ज्वलनशील द्रव ठेवण्यासाठी स्वतंत्र हवेशीर खोली आणि भट्टीसाठी वेगळा वीजभार, एवढे तरी पहिल्या दिवसापासून हवे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून आगरोधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. याचा खर्च भाड्याच्या हिशेबात आधीच धरावा.

हिशेब

आता त्या हिशेबाकडेच येऊ. पुढचे आकडे केवळ गणित समजावे म्हणून धरलेले आहेत. समजा, एकूण ९,००० चौरस फुटांची तीन मजली इमारत आहे आणि दुरुस्तीला चौरस फुटामागे २,००० रुपये लागतात; म्हणजे १ कोटी ८० लाख रुपये. जिने, मार्गिका, स्वच्छतागृहे वगळून प्रत्यक्ष भाड्याने देण्याजोगी जागा ५,८५० चौरस फूट उरते. दुरुस्तीची सगळी रक्कम १० टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी कर्जाऊ घेतली, तर दरमहा हप्ता सुमारे १ लाख ९३ हजार येतो. भाड्याच्या जागेवर तो वाटला की चौरस फुटामागे ३३ रुपये झाले. मालमत्ता कर, सामाईक वीज, पाणी, पहारेकरी, विमा आणि दुरुस्ती निधी यांना महिना १ लाख २० हजार धरले तर आणखी साडेवीस रुपये. काही खोल्या अधूनमधून रिकाम्या राहणारच, म्हणून दहा टक्के तूट धरली की भाडे ६० रुपयांच्या आसपास जाते. म्हणजे २०० चौरस फुटांचा स्टुडिओ महिना १२,००० रुपयांना, आणि यात मालकाला अजून एक पैसाही दिलेला नाही.

आता फक्त एक गोष्ट बदलू. जागा १५ वर्षांऐवजी ५ वर्षांसाठीच मिळाली, म्हणून कर्जही ५ वर्षांत फेडावे लागले. हप्ता सुमारे ३ लाख ८२ हजार होतो आणि तोच स्टुडिओ १९,००० रुपयांना पडतो. भिंती त्याच, खिडक्या त्याच, दुरुस्ती तीच. केवळ मुदत आखूड झाल्यामुळे भाडे दीडपटीहून जास्त झाले. उलट १५ वर्षांची मुदत ठेवून दुरुस्तीचा निम्मा खर्च अनुदानातून, देणगीतून किंवा मालकाच्या टीडीआरमधून निघाला, तर भाडे ८,२०० रुपयांच्या घरात येते. संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांपलीकडे गेली की व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ज्याची स्वतःची जीएसटी नोंदणी नाही अशा छोट्या कलावंताला त्याची वजावट मिळत नाही. त्याच्या खिशातून १२,००० ऐवजी १४,१६० रुपयेच जातात.

हे गणित ज्यांना पटवायचे असते ते पहिल्यांदा रंग, सामाईक उपाहारगृह, सोयीचे फर्निचर यांबद्दल बोलतात. त्या सगळ्या गोष्टी चौरस फुटामागे एखाद्-दुसऱ्या रुपयाचा फरक पाडतात. मुदत तीस-पस्तीस रुपयांचा फरक पाडते.

मालक लांब मुदत का देत नाही

याचे उत्तर कायद्यात आणि मालकाच्या अनुभवात आहे. मुंबईत व्यावसायिक जागा आज बहुतांशी लीव्ह अँड लायसन्स करारावर दिली जाते. या करारात जागा वापरण्याची केवळ अनुमती मिळते, भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत. १९९९ च्या कायद्यानुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. मुद्रांक शुल्काच्या दृष्टीने ६० महिन्यांपर्यंतचा करार स्वस्त पडतो; त्यापुढची मुदत असेल तर भाडेपट्ट्याप्रमाणे शुल्क लागते. म्हणून व्यवहारात सगळीकडे पाच वर्षांची मर्यादा दिसते, आणि बँक वा देणगीदारही त्या पाच वर्षांपलीकडे पाहायला तयार होत नाही.

दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा दिला तर भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण मिळेल आणि जागा पुन्हा हाती येणार नाही, अशी मालकाला धास्ती असते. १९४७ नंतरच्या पन्नास वर्षांचा अनुभव पाहता ती निराधार म्हणता येणार नाही. ज्यांचे भरणा झालेले भागभांडवल एक कोटी किंवा त्याहून अधिक आहे, अशा कंपन्यांना या संरक्षणातून वगळले आहे. त्यामुळे मालकाला मोठ्या कंपनीला जागा देणे निर्धोक वाटते आणि कलावंतांच्या न्यासाला देणे धोक्याचे वाटते. शिवाय पुनर्विकासाचे आकर्षण समोर असतेच. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला विकास नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली ३ इतका चटईक्षेत्र निर्देशांक मिळतो, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम करता येते. पंधरा वर्षे जागा अडकवून ठेवण्यापेक्षा विकासकाची वाट पाहणे अनेक मालकांना शहाणपणाचे वाटले, तर त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

भाडे नियंत्रण कायदा शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना लागू होत नाही. महापालिकेने आपली रिकामी शाळा एखाद्या संस्थेला पंधरा वर्षांसाठी दिली, तर ती जागा कायमची हातची जाण्याचे भय तिला नसते, आणि पुनर्विकासातून नफा मिळवण्याची सक्तीही नसते. चौथ्या वर्गातल्या इमारतींपासून सुरुवात करावी असे वर म्हटले ते यासाठी. ज्या शाळेत काही वर्ग अजून भरतात, तेथे स्वतंत्र प्रवेशद्वार आणि वेगळ्या वेळा ठरवाव्या लागतील. छबिलदासची जागाही शेवटी चालत्या शाळेचीच होती. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या इमारतीची दुरुस्ती २००३ मध्ये महापालिका, इंटॅक ही वारसा संवर्धन संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्या त्रिपक्षीय करारातून सुरू झाली. मालकी महापालिकेची, तांत्रिक ज्ञान संवर्धन संस्थेचे आणि पैसा न्यासाचा, ही जोडणी संग्रहालयाला लागू पडली तशी स्टुडिओंनाही लागू पडू शकते.

मालमत्ता कराचा मुद्दा पुष्कळदा शेवटपर्यंत कोणाच्या लक्षातच येत नाही. मुंबईत २०१० पासून हा कर भांडवली मूल्यावर, म्हणजे त्या परिसरातल्या जमिनीच्या भावावर आधारलेला आहे, आणि बिगर-निवासी वापराला तो अधिक बसतो. स्टुडिओंमुळे वस्तीला नाव मिळाले, दुकाने आली, भाव चढले की त्याच स्टुडिओंचा कर वाढतो. टोरांटो शहरात पत्र्याच्या डब्यांवर छपाई करणाऱ्या जुन्या कारखान्याची ‘४०१ रिचमंड’ ही इमारत झायडलर कुटुंबाने १९९० च्या दशकात कलावंतांना आणि छोट्या संस्थांना द्यायला सुरुवात केली. आजूबाजूला उंच इमारती आल्यावर, त्या जागेवर काय बांधता येईल याच्या आधारे तिचे मूल्य ठरू लागले आणि कर भरमसाट वाढला. अखेरीस तेथील प्रशासनाने अशा सामाईक सर्जनशील इमारतींसाठी सवलतीच्या कराचा स्वतंत्र उपवर्ग केला. मुंबई महापालिकेने, निदान स्वतःच्या मालकीच्या आणि वारसा यादीतल्या इमारतींपुरता, असा उपवर्ग करावा. ज्या संस्थेचे भाडे ठरावीक मर्यादेच्या आत आहे, तिलाच तो लागू करावा, म्हणजे सवलतीचा गैरवापर होणार नाही.

चालवणाऱ्या संस्थेबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. इमारतमालकाशी एकच मोठा करार करून आतल्या स्टुडिओंशी लहान करार करणारी मध्यस्थ संस्था लागते, आणि मूळ करारात तशी परवानगी स्पष्ट लिहिलेली असावी लागते. नाहीतर तोच पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप होतो. कोणाला जागा द्यायची हे कामाच्या गुणवत्तेवर परीक्षक मंडळाने ठरवावे की प्रतीक्षायादीवर, यावर मतभेद आहेत. माझ्या मते मिळकतीची मर्यादा आणि प्रतीक्षायादी हाच न्याय्य मार्ग आहे, कारण सुरुवातीच्या काळातले काम कोणत्याही मंडळाला नीट जोखता येत नाही. छापा प्रेस, भट्टी, शिवणयंत्रे ही सामाईक ठेवून तासावर द्यावीत. रात्रीच्या आवाजाच्या वेळा शेजारच्या रहिवाशांबरोबर बसून ठरवाव्यात आणि त्या करारात लिहाव्यात.

कामाचा क्रम मुंबईचा पाऊस ठरवतो. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. छप्पर, पावसाळी पाइप आणि बाहेरच्या भिंती यांचे काम ऑक्टोबर ते मे या काळातच होऊ शकते. म्हणून तपासणी पावसाळ्यात, गळती प्रत्यक्ष दिसत असताना करावी, करारावर सह्या सप्टेंबरपर्यंत व्हाव्यात आणि पहिल्या हंगामात केवळ छप्पर, पाणी व जिना एवढेच हाती घ्यावे. तळमजल्याचे स्टुडिओ त्याच मे महिन्यात देता येतात. वरचे मजले एक पावसाळा कोरडे राहिले, भिंतींतली जुनी ओल सुकली, की मगच त्यांना चुन्याचा गिलावा करून घ्यावा आणि नवे करार लिहावेत.